ग्रंथिरोपणाचे पर्व : लज्जा, मोल आणि पुरावा

१

वैद्यकाच्या इतिहासात भोंदू वैद्यांची प्रकरणे बहुधा विनोदाच्या सदरात जमा होतात. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात मिलफर्ड नावाच्या खेड्यात राहून बोकडाच्या वृषणाचे तुकडे माणसाच्या वृषणकोशात बसविणारा जॉन रिचर्ड ब्रिंक्ली (१८८५–१९४२) हा तर अशा विनोदाचा हक्काचा विषय होऊन बसला आहे. त्याची हकीकत सांगताना बोकडांवर भर द्यावा, श्रोत्यांनी हसावे आणि प्रकरण तेथेच संपावे, असा प्रघात पडला आहे. परंतु या हसण्यात मुळातला प्रश्न बाजूला राहतो. पौरुषशक्ती ओसरल्याच्या दुःखाने व्यथित झालेले, पण एरवी व्यवहारात दक्ष आणि हिशेबात काटेकोर असलेले हजारो गृहस्थ साडेसातशे डॉलर मोजून या शस्त्रक्रियेस का तयार झाले ? आणि तिचा फोलपणा न्यायासनासमोर निर्विवादपणे सिद्ध होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ का लागला ? ‘लोक भोळे असतात’ हे उत्तर पुरेसे नाही. भोळेपणा सर्वकाळी असतोच. विशिष्ट काळी विशिष्ट उपचार का फोफावतो, याचा उलगडा त्याने होत नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या उपचाराचा खरा आधार त्याचा गुण हा नव्हता. रोग्याचे मौन हा होता. लज्जेमुळे रोगी आपला विकार लपवी. मोठे मोल मोजल्यामुळे फसगत कबूल करणे त्याला अधिकच जड जाई. शिवाय विकाराचे स्वरूपच असे की, कोणत्याही उपचारानंतर काही जणांना काही काळ आराम पडावा. या तीन कारणांच्या संयोगाने अनुकूल साक्ष तेवढी जगापुढे येई आणि प्रतिकूल साक्ष घराच्या चार भिंतींत विरून जाई. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानी घेतली नाही, तर उपलब्ध कागदपत्रे त्यालाही तितक्याच सहजतेने फसवितील.

२

ब्रिंक्ली हा आकाशातून पडला नव्हता. त्याच्यामागे प्रतिष्ठित शास्त्रज्ञांची तीस वर्षांची परंपरा उभी होती. इ. स. १८८९ च्या जून महिन्यात पॅरिस येथील जीवशास्त्र परिषदेपुढे शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी एक निवेदन केले. मज्जारज्जूवरील संशोधनाने कीर्ती मिळविलेले हे शास्त्रज्ञ त्या वेळी ७२ वर्षांचे होते. कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला आणि त्यामुळे स्नायूंचे बळ व बुद्धीचा उत्साह पुन्हा लाभला, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन प्रसिद्ध होताच युरोप-अमेरिकेत ‘संजीवन-रसा’ची विक्री सुरू झाली. पुढे इ. स. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्राउन-सेकार यांच्याच कृतीने अर्क तयार करून तपासला, तेव्हा त्यात पुरुष-संप्रेरकाचे प्रमाण शरीरावर परिणाम घडविण्याइतके मुळीच नसते असे आढळले. म्हणजे त्या वृद्ध शास्त्रज्ञाला लाभलेले बळ अर्काचे नव्हते, अपेक्षेचे होते. त्यांचा प्रामाणिकपणा मात्र संशयातीत आहे. आणि हीच गोष्ट या इतिहासात अधिक उद्बोधक आहे. प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाचीही जर स्वतःच्या शरीराविषयीची साक्ष फसवी ठरू शकते, तर इतरांची काय कथा !

यानंतरचा काळ अंतःस्रावी ग्रंथींच्या शोधांचा होय. अवटु-ग्रंथीच्या अर्काने तिच्या क्षीणतेमुळे होणारा विकार बरा होतो, हे इ. स. १८९१ मध्ये दिसून आले होते, इ. स. १९२१–२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागून मधुमेहाने मरणासन्न झालेली मुले वाचली. एका ग्रंथीचा स्राव जर असा चमत्कार घडवितो, तर दुसऱ्या ग्रंथीचा का घडविणार नाही, हा तर्क त्या काळी अवैज्ञानिक वाटण्यासारखा नव्हता. व्हिएन्ना येथील ऑयगेन श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया पुनर्यौवनासाठी सुचविली व ती इ. स. १९१८ पासून माणसांवर होऊ लागली. सिग्मुंड फ्रॉइड यांनी इ. स. १९२३ मध्ये, आपल्या कर्करोगावर काही उपयोग होईल या आशेने, ती करवून घेतली. कवी यीट्स यांनी इ. स. १९३४ मध्ये लंडन येथे करवून घेतली. पॅरिसमध्ये सेर्ज व्होरोनॉफ यांनी इ. स. १९२० पासून वानरांच्या वृषणांच्या पातळ चकत्या धनिक रोग्यांच्या शरीरात बसविण्यास आरंभ केला. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगाचे वैद्य लिओ स्टॅन्ले यांनी आधी फाशी गेलेल्या कैद्यांच्या आणि पुढे मेंढे, बोकड इत्यादी प्राण्यांच्या वृषणांचे अंश कैद्यांच्या शरीरात घातले, आणि अशा एक हजार प्रयोगांचे विश्लेषण इ. स. १९२२ मध्ये अंतःस्रावशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तेव्हा मिलफर्डला निघालेल्या रोग्याने विज्ञानाकडे पाठ फिरविली होती, असे म्हणता येत नाही. आपण विज्ञानाच्याच मागोमाग चाललो आहोत, अशी त्याची समजूत होती. वृत्तपत्रांतून व्होरोनॉफ यांच्या वानरांविषयी वाचणाऱ्या शेतकऱ्यास बोकड हे त्याच शोधाचे स्वदेशी आणि सोयीचे रूप वाटले असल्यास नवल नाही. शास्त्र आणि भोंदूगिरी यांच्यामधील सीमारेषा आज ठळक दिसते. त्या काळी ती रोग्याच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हती.

३

ब्रिंक्लीने वैद्यकाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केला नव्हता. शिकागो येथील शिक्षण अर्धवट टाकून त्याने इ. स. १९१५ मध्ये कॅन्सास सिटीतील एका संशयास्पद संस्थेची पदवी मिळविली. त्यापूर्वी इ. स. १९१३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल गावी एका भागीदारासह त्याने पुरुषांच्या गुप्त विकारांवर इंजेक्शने देण्याचे दुकान थाटले होते. एका इंजेक्शनास २५ डॉलर पडत आणि आत रंगीत पाणी असे. पुरुषाच्या लज्जेला किती मोल येते, याचा पहिला धडा तो येथे शिकला.

इ. स. १९१७ च्या सुमारास तो मिलफर्डला आला. दुर्बलतेची तक्रार घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने आपण होऊन बोकडाच्या ग्रंथीची सूचना केली, अशी आख्यायिका त्याने पुढे पसरविली. ती मुख्यत्वे त्याच्याच आश्रयाने लिहिलेल्या चरित्रातून आलेली असल्यामुळे जपूनच स्वीकारली पाहिजे. शस्त्रक्रिया साधी होती. टॉगेनबर्ग जातीच्या बोकडाचे ताजे वृषणांश रोग्याच्या वृषणकोशात ठेवून जखम शिवून टाकीत. ते तेथे जिवंत राहून स्राव निर्माण करतील, अशी कल्पना होती. वस्तुतः परजातीय ऊतकाला मानवी शरीर थारा देत नाही. ते कुजून वा विरून जाते आणि मागे व्रण तेवढा उरतो. या नकारामागील प्रतिकारशक्तीचे कार्य पीटर मेडावर यांच्या इ. स. १९४० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. जखम चिघळण्याचा धोका मात्र तत्काळ होता आणि त्यात रोगी दगावलेही.

या शस्त्रक्रियेचे मोल साधारणतः ७५० डॉलर असे. त्याच काळात, इ. स. १९२५ मध्ये, फोर्ड कारखान्याची सर्वांत स्वस्त मोटार ३०० डॉलरहून कमी किमतीत मिळे. म्हणजे हा सौदा दोन मोटारींच्या किमतीहूनही मोठा होता. वरवर पाहता असे मोल गिऱ्हाईक पळवून लावील असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे कार्य उलट होते. स्वस्त औषधाच्या बाटल्या तर प्रत्येक औषधविक्रेत्याकडे मिळत आणि त्यांचा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असे. ज्याने सर्व बाटल्या पालथ्या घातल्या त्याला ‘हे काही निराळे आहे’ असे वाटण्यास मोठ्या रकमेहून प्रभावी खूण कोणती ? आणि एकदा ती रक्कम दिल्यावर, कदाचित शेत गहाण टाकून दिल्यावर, ‘गुण आला नाही’ असे म्हणणे म्हणजे दोन लज्जा एकदम पत्करणे होते : पौरुष गेल्याची आणि पैसा गेल्याची.

मोलाचा आणखी एक परिणाम झाला. मिलफर्डला वीज, सांडपाण्याची व्यवस्था, फरसबंद वाटा या गोष्टी ब्रिंक्लीच्या पैशाने आल्या. गावकऱ्यांना त्याच्याविरुद्ध बोलण्यात स्वारस्य उरले नाही. इ. स. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात खोट्या वैद्यकीय पदव्यांच्या प्रकरणी त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला, तेव्हा कॅन्सासच्या राज्यपालांनी त्याला स्वाधीन करण्यास नकार दिला. अशा रीतीने रोग्याच्या खाजगी मौनाला सार्वजनिक मौनाची जोड मिळाली.

४

इ. स. १९२३ मध्ये ब्रिंक्लीने मिलफर्ड येथे स्वतःचे नभोवाणी केंद्र सुरू केले. इतिहासकारांनी याचे वर्णन जाहिरातीचे नवे साधन असे केले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु एवढ्याने त्याचे महत्त्व संपत नाही. नभोवाणीचे विशेष सामर्थ्य असे की, ऐकणारा कोणाच्या नजरेस पडत नाही. औषधाच्या दुकानात जाणारा पुरुष शेजाऱ्यास दिसतो. वैद्याच्या दारात बसलेला गावास दिसतो. रात्री आपल्या घरात यंत्रापुढे बसलेला पुरुष कोणासच दिसत नाही. ब्रिंक्ली लोकगीते आणि धर्मोपदेश यांच्या मधल्या वेळात श्रोत्यांशी त्यांच्या दुर्बलतेविषयी सरळ, घरगुती भाषेत बोले. इ. स. १९२८ च्या सुमारास त्याने ‘वैद्यकीय प्रश्नपेटी’ आरंभिली. श्रोत्यांची पत्रे वाचून, रोग्यास न पाहता न तपासता, तो क्रमांकाने औषधे सुचवी. ठरलेल्या औषधविक्रेत्यांकडे जाऊन केवळ क्रमांक सांगायचा; रोगाचे नाव उच्चारण्याचा प्रसंग येत नसे. या विक्रीतील ठरावीक हिस्सा ब्रिंक्लीला पोहोचे.

येथे एका कटु सत्याची नोंद करणे प्राप्त आहे. ब्रिंक्लीजवळ विद्या नव्हती, परंतु ज्या विषयावर विद्यावंत वैद्य बोलण्यास संकोचत त्या विषयावर तो बोलत होता. त्या पिढीतील सामान्य वैद्याला लैंगिक दौर्बल्याविषयी फारसे शिक्षण मिळालेले नव्हते. ‘वय झाले’ किंवा ‘मन आवरा’ यापलीकडे रोग्याच्या हाती सहसा काही पडत नसे. तेव्हा त्या शेकडो पत्रलेखकांना ब्रिंक्लीने फसविले हे जितके खरे, तितकेच त्यांना दुसरे कोणी ऐकून घेतले नाही हेही खरे. भोंदूचे क्षेत्र बहुधा तेथेच विस्तारते जेथे विद्वानाने आपले क्षेत्र मोकळे सोडलेले असते.

५

अमेरिकन वैद्यकीय परिषदेच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन हे ब्रिंक्लीचे प्रमुख प्रतिपक्षी होते. कॅन्सास सिटीतील एका प्रमुख वृत्तपत्रानेही इ. स. १९३० मध्ये लेखमाला चालविली. त्याच वर्षी संघराज्याच्या नभोवाणी आयोगाने केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि सप्टेंबरात राज्याच्या वैद्यकीय मंडळाने त्याचा वैद्यकीचा परवाना रद्द केला. मंडळापुढील चौकशीत त्याने स्वतः सही केलेले ४२ मृत्यूचे दाखले पुढे आले. परंतु त्याच चौकशीत त्याच्या बाजूने संतुष्ट रोगीही रांगेने उभे राहिले. मृत बोलू शकत नव्हते, निराश झालेले बहुतेक घरीच राहिले, आणि ज्यांना आराम वाटला होता ते साक्षीला आले. पुराव्याच्या असमतोलाचे याहून स्पष्ट चित्र मिळणे कठीण.

लोकमतावर या निर्णयाचा परिणाम काय झाला, हे लवकरच दिसून आले. परवाना गेल्यानंतर काही आठवड्यांतच ब्रिंक्ली राज्यपालपदाच्या निवडणुकीस उभा राहिला. मतपत्रिकेवर नाव छापून येण्याची मुदत टळली असल्याने मतदारांना त्याचे नाव हाताने लिहावे लागे. तरीही त्याला सुमारे १,८३,००० मते मिळाली. विजयी उमेदवारास सुमारे २,१७,००० मिळाली होती. विद्वत्परिषदेने दिलेला निकाल सामान्य जनांना आपल्या एका माणसाचा छळ वाटला. पुढे त्याने मेक्सिकोच्या हद्दीत विया अकुन्या येथे प्रचंड शक्तीचे नवे नभोवाणी केंद्र इ. स. १९३१ मध्ये उभारले आणि इ. स. १९३३ मध्ये आपले रुग्णालय सीमेलगतच्या टेक्सासमधील डेल रिओ गावी नेले. तेथे बोकड मागे पडले आणि पुरःस्थ ग्रंथीवरील उपचार पुढे आले. उपचार बदलला, गिऱ्हाईक, त्याची लज्जा आणि मोलाची पद्धत तीच राहिली.

शेवट त्याने आपल्याच हाताने ओढवून घेतला. इ. स. १९३८ मध्ये फिशबाइन यांनी आधुनिक भोंदू वैद्यांवरील लेखात त्याचा निर्देश केला, तेव्हा ब्रिंक्लीने अडीच लाख डॉलरचा अब्रूनुकसानीचा दावा लावला. इ. स. १९३९ च्या मार्चमध्ये डेल रिओ येथे खटला चालला. उलटतपासणीत त्याला आपल्या पदवीविषयी आणि उपचाराविषयी शपथेवर उत्तरे द्यावी लागली. ज्यूरीने निकाल फिशबाइन यांच्या बाजूने दिला.

यानंतर जे घडले ते या निबंधाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. निकाल बाहेर पडताच जुन्या रोग्यांचे व मृतांच्या आप्तांचे दावे एकामागून एक येऊ लागले. इतकी वर्षे ही माणसे कोठे होती ? ती होतीच, परंतु ‘मी फसलो’ असे एकट्याने म्हणणे आणि ‘आम्ही फसविले गेलो’ असे अनेकांनी म्हणणे यांत महदंतर आहे. न्यायालयाच्या निकालाने फसगतीला सार्वजनिक नाव दिले आणि मगच खाजगी लज्जेला वाचा फुटली. इ. स. १९४१ मध्ये ब्रिंक्लीचे दिवाळे निघाले आणि इ. स. १९४२ च्या मे महिन्यात सॅन अँटोनियो येथे त्याचा मृत्यू झाला.

६

प्रतिष्ठित शास्त्रज्ञांच्या उपचारांचे काय झाले, हेही पाहणे न्याय्य ठरेल. व्होरोनॉफ यांनी आपली पद्धती अल्जीरियातील मेंढ्यांवरही वापरली होती. इ. स. १९२७ मध्ये निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी तो कळप पाहिला, तेव्हा ब्रिटिश शिष्टमंडळाने तुलनेसाठी योग्य असा अस्पर्शित कळप ठेवलेला नसल्याचे दाखवून त्यांचे दावे असिद्ध ठरविले. मेंढ्यांना लज्जा नसते आणि मोल मोजल्याचा अभिमानही नसतो. म्हणूनच माणसांच्या बाबतीत लपलेला दोष मेंढ्यांच्या बाबतीत एका भेटीत नजरेस आला.

इ. स. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी बूटेनांट व रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. शुद्ध द्रव्य हाती आल्यावर प्रश्न नीट विचारता येऊ लागला. इ. स. १९४४ मध्ये अमेरिकेतील हेलर व मायर्स यांनी दाखवून दिले की, ज्यांच्या शरीरात या संप्रेरकाची खरोखरच उणीव आहे त्यांना त्याने गुण येतो. ज्यांच्या विकाराचे मूळ मनात आहे त्यांना येत नाही. म्हणजे मिलफर्डला जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत बोकडाची ग्रंथी शरीरात जिवंत राहिली असती, तरीही ती निरुपयोगीच ठरली असती. रक्तवाहिन्यांचे विकार आणि मधुमेह यांचे या दौर्बल्याशी असलेले नाते त्यानंतरच्या दशकांत स्पष्ट होत गेले. तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेली तोंडाने घ्यावयाची गोळी अमेरिकेत इ. स. १९९८ मध्ये मान्यता पावली. ब्राउन-सेकार यांच्या निवेदनापासून येथवर एकशे नऊ वर्षे लोटली होती.

७

महाराष्ट्रातील अभ्यासकाला या प्रकरणात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. येथे बोकडाची शस्त्रक्रिया आली नाही, परंतु ‘धातुक्षय’ आणि ‘नष्ट पौरुष’ यांवरील औषधांच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांच्या परिचयाच्या होत्या. वीर्यनाशाच्या भयाने पछाडलेल्या तरुणांच्या अवस्थेस मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी इ. स. १९६० मध्ये ‘धात’ या देशी शब्दावरूनच नाव दिले. मराठीत या विषयावर मोकळेपणाने आणि शास्त्राच्या आधारे बोलण्याचे कार्य र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून इ. स. १९२७ ते १९५३ पर्यंत केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, इ. स. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडूनही त्यांना शिक्षा झाली. मिलफर्डची प्रश्नपेटी आणि ‘समाजस्वास्थ्या’तील प्रश्नोत्तरे ही एकाच गरजेची दोन अपत्ये होत. एकीने ती गरज विकली, दुसरीने ती भागविण्याचा यत्न केला. औषध विकणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्यास शासन आधी झाले, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते. लैंगिक शक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा औषधे व जादूटोणा उपायविषयक कायदा भारतात इ. स. १९५४ मध्ये संमत झाला. इ. स. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही शब्द रद्द ठरवूनही, अशा औषधांची व्यापारी जाहिरात भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणात येत नाही असा निर्णय दिला.

या सर्व विवेचनातून जे निष्पन्न होते ते असे. लज्जास्पद मानलेल्या विकाराच्या उपचारासंबंधी रोग्यांची प्रशस्तिपत्रे कितीही असली, तरी त्यांवरून उपचाराचे मूल्य ठरत नाही. कारण ज्यांना गुण आला नाही त्यांनी पत्रे लिहिलेलीच नसतात. दप्तरात जे आढळत नाही त्याचे माप घेण्याची रीत संशोधकाने बसविली पाहिजे : मृत्यूचे दाखले, गहाणखते, दिवाळखोरीच्या वेळची देणी, निकालानंतर उशिरा दाखल झालेले दावे यांतून त्या मूक साक्षीदारांचा माग लागतो. दुसरे असे की, केवळ कायद्याने अशी बाजारपेठ बंद होत नाही. अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने इ. स. २०१८ मधील आपल्या मार्गदर्शिकेत मूलपेशींची इंजेक्शने आणि आघात-लहरींचे उपचार या विकारासाठी प्रयोगावस्थेतीलच मानले आहेत. तरीही ते मोठ्या मोलाने विकले गेले आहेत. साधनांची नावे नवी आहेत. ज्याला आपले दुःख उघडपणे सांगण्यास जागा नाही तो ते एकांतात विकत घेतलेल्या आशेच्या स्वाधीन करतो, हा नियम मात्र मिलफर्डच्या काळी होता तसाच आहे. ब्रिंक्लीच्या रोग्यांना हसण्यापूर्वी, त्यांचे ऐकून घेण्यास त्या काळी दुसरे कोण होते, एवढे इतिहासाने विचारले पाहिजे.